विहिरीच्या पोटातलं
बाळांनो, हात जोडा आणि मन लावून ऐका. टेकडीच्या कुशीतल्या एका इवल्याशा गावात शेवंती नावाची गरीब, गुणी पोर राहायची. घरात आई, एक म्हैस आणि धाकटा गोंदू. आठ दिवस गोंदूचे जुलाब थांबत नव्हते. फुलासारखं पोर, पार सुकून गेलं होतं.

"ही द्वारकेचीच करणी!" आई म्हणायची. "विहिरीत तिनेच काहीतरी टाकलंय." शेजारच्या द्वारकाकाकूंना आज गावाबाहेर काढायचं गावाने ठरवलं होतं.

शेवंतीला ते पटेना. पहाटे ती विहिरीपाशी रडत बसली, तोच गुलाबी उजेडात काठावर चिमुकली परी उतरली. चतुरासारखे निळे-रुपेरी पंख, केसांत दवाचे मोती!

शेवंती झटकन मागे सरली. "आधी पाय दाखव! उलटे असले तर तू हडळ."

परी खुदकन हसली. पाय सरळच होते. "एकच वर माग. पण जे मिळेल ते लपवायचं नाही."

'गोंदूला बरं कर' असं अगदी ओठांवर आलं. पण पाणीच बिघडलेलं असलं, तर तो पुन्हा आजारी पडेल ना?

"विहिरीच्या पोटात काय आहे, ते दाखव."

परीने तिच्या पापणीवर दवबिंदू ठेवला. अगंबाई! नितळ पाण्यात लाखो हिरवट जंतू वळवळत होते. ते झिरपत होते त्यांच्याच गोठ्यामागच्या शेणाच्या खड्ड्यातून. आणि तळाशी कुजत होतं आईने भक्तिभावाने सोडलेलं निर्माल्य.

"आई रागावेल गं."

"रागावू दे. तू बोललीस, तरच वर फळेल."

काकूंना हाकलायला अंगणात माणसं जमली. शेवंतीने पुढे होऊन सगळं सांगितलं.

"देवाची फुलं कशी बाधतील?" आई कडाडली. पण गोठ्यामागची ओल विहिरीपर्यंत गेलेली पाहून तिचा चेहरा उतरला. "द्वारके, चुकले गं मी!"

"रडतेस काय? फावडं आण. खड्डा लांब नेऊ, विहीर उपसू," काकू म्हणाल्या.

पाणी उकळून पिऊ लागल्यावर चार दिवसांत गोंदूने भाकरी मागितली. आईने उकळून निवलेल्या पाण्याचा तांब्या आधी काकूंना दिला. काकूंनी डोळे बारीक करून आत पाहिलं. "काही टाकलं नाहीस ना?"

सगळे खळखळून हसले. विहिरीवर सोनेरी उजेड लखलखला, आणि परी त्यात विरून गेली.

शेवंतीचं पाणी निवळलं, आईचं मन निवळलं, तसं तुमचंआमचंही निवळो.