सफूराचा सहावा रोजा

एकदा काय झालं, बरं का, भर समुद्रातल्या एका बेटावरची एकुलती एक गोडी विहीर ऐन ईदच्या दिवशी खारट झाली! शिरखुर्मा खारट, चहा खारट! लोक म्हणाले, महिनाभर वाट बघू, नाहीतर बेट सोडू. सफूराला तर रडूच कोसळलं. ती जन्मली इथे, तिचे माड इथे. जाणार कुठे?

मग विहिरीतलं म्हातारं कासव वर आलं आणि चक्क बोललं! "सफूरा, रमजान झाला. आता सहा नफिल रोजे ठेव. जबरदस्तीचे नाहीत हो, आपल्या खुशीचे. पुढचा चांद दिसायच्या आत सहा झाले, तर पाणी गोड!"

"एवढंच ना!" सफूरा म्हणाली.

महिना एवढा पडलाय म्हणत बाई रमतगमत बसली. त्यात पाहुण्यांची भारी हौस. पाहुण्यासाठी नफिल रोजा सोडता येतो, मागून दुसरा ठेवायचा. मग काय! एकदा नणंद आली, रोजा सुटला. एकदा मामेसासरे आले, पुन्हा सुटला. पाच रोजे होईतो एकोणतिसावा दिवस उजाडला. आज सहावा, आणि आजच संध्याकाळी चांद दिसायची धास्ती!

दुपारी दारात एक म्हातारी. पाय सुजलेले, ओठ सुकलेले.

सफूराने ताट वाढलं. म्हातारी म्हणाली, "बेटी, एकटीच्या घशाखाली घास उतरत नाही गं. तूही बस."

विहीर की म्हातारी? सफूराने डोळे पुसले, बिस्मिल्ला म्हटलं आणि घास घेतला.

संध्याकाळी सगळं बेट किनाऱ्यावर! एरवी चांद दिसावा म्हणून धावणारी माणसं आज म्हणतायत, दिसू नको रे बाबा! तेवढ्यात म्हातारीने आपली ओढणी झटकली. ती उडाली, वाढली, वाढतच गेली आणि ढग होऊन आभाळभर पसरली! चांद दिसलाच नाही. चांद दिसला नाही की महिना तीस दिवसांचा! म्हणजे आणखी एक दिवस मिळाला की नाही?

वळून बघतात तर म्हातारी गायब.

मग तिसाव्या दिवशी सफूराने सहावा रोजा ठेवला. त्या दिवशी नणंदच दारात पहारा देत बसली, बरं का! सूर्य बुडाला, अजान झाली. सफूराने विहिरीचं पाणी ओंजळीत घेतलं, घोट घेतला आणि ओरडलीच, "गोड! अगं बाई, गोड!"

गाठोडी सुटली, चुली पेटल्या, सगळी सुखाने राहिली. आता तुम्हीही घोटभर पाणी प्या आणि डोळे मिटा बघू.