हसाजीचा शनिवार

फार वर्षांपूर्वी, कुंडेरीच्या खाडीवर पूल नव्हता आणि लाँचही नव्हती, तेव्हा पलीकडे जायचं तर हसाजीला हाक मारण्यावाचून इलाज नसे.

हसाजी बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचा यहुदी. त्याचे पूर्वज गलबत फुटून ह्या किनाऱ्याला लागले, असं म्हणतात. ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. हसाजीनं घाणा सोडून होडी धरली, पण शनिवार सोडला नाही. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत होडी बांधायची, ती शनिवारी आकाशात चांदण्या दिसल्यावरच सोडायची. मग कुणाची सोयरीक खोळंबो की कुणाचा बाजार बुडो.

खाडीच्या दक्षिण तीरावर सांतरवाडी, सगळी कॅथलिकांची. उत्तर तीरावर नवेखार, ते मिशनवाल्यांचं, प्रॉटेस्टंटांचं. देव दोघांचा एकच, पण इकडे त्याला जेजू म्हणत आणि तिकडे येशू, आणि एवढंसुद्धा दोघांना खपत नसे. नवेखारवाले म्हणत, ह्या मेणबत्तीवाल्यांना शास्त्र काय कळतंय! सांतरवाडीवाले म्हणत, ह्यांनी देवाच्या आईलाच देवळाबाहेर काढलंय, ह्यांच्याशी काय बोलायचं! होडीत एका टोकाला हे बसत, दुसऱ्या टोकाला ते, आणि मध्ये हसाजी मुकाट्यानं वल्हवत असे. ज्याच्यावरून भांडण चाललंय त्याच्याच जातकुळीचा माणूस आपल्या मध्ये बसलाय, हे ह्या शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात कधी आलं नाही.

एका शनिवारी सांतरवाडीची इनासिना बाळंतपणात अडली. सुईणीनं हात टेकले. मिशनची डॉक्टरीणबाई पलीकडे नवेखारात. इनासिनाला खाटेवर घालून धक्क्यावर आणली, पण हाक मारायला कुणाची जीभ उचलेना. हसाजी आपल्या खोपटापुढे बसला होता. त्यानं खाट पाहिली आणि उठून होडी सोडली.

इनासिनाचा नवरा रडवेला होऊन म्हणाला, "काका, आज तुमचा शनिवार हाय ना?"

"हाय की," हसाजी म्हणाला. "म्हणून तर बिगीनं चल. शनिवार देवानं जीव राखायला दिलाय."

त्या दिवशी खाडी उसळलेली होती, पण होडी जाईल तिथं पाणी तव्यासारखं सपाट होत गेलं, असं म्हणतात. इनासिना वाचली, पोर वाचलं. हसाजी परत आला, होडी बांधली आणि राहिलेला शनिवार पाळत पुन्हा तिथंच बसला.

रविवारी दोन्ही देवळांत प्रवचनाला हाच विषय. सांतरवाडीचे फादर म्हणाले, आमच्या जेजूनंही शनिवारी आजाऱ्याला हात लावला होता, हसाजी मनानं आपलाच झालाय. नवेखारचे पाळक शांतवनराव म्हणाले, त्यानं शनिवार मोडला, म्हणजे तो आपल्याकडे आला. दोघांचीही चूक तीच. हसाजीनं शनिवार मोडला नव्हता, पाळला होता. पुढच्या शनिवारी होडी नेहमीसारखी बांधलेली दिसली तेव्हा दोन्हीकडचे लोक गोंधळले, पण समजूत काही बदलली नाही.

अशी वर्षं गेली. मग एका शुक्रवारी, दुपार कलल्यावर, सांतरवाडीच्या धक्क्यावर माणसं उतरवून हसाजी जरा टेकला, तो उठलाच नाही.

इनासिना धावत आली. ज्याच्यामुळे जगले तो गेला म्हणून ती छाती पिटून रडली, आणि आपल्या गळ्यातला क्रूस काढून तिनं त्याच्या छातीवर ठेवला. फादरनी देवळाच्या आवारात जागा नेमली. बातमी पलीकडे पोचली तसे शांतवनराव आपली माणसं घेऊन मिशननं अलीकडे घेतलेल्या होड्यांतून आले आणि म्हणाले, हा आमचा, ह्याला आम्ही नेणार. झालं. मढं वाळूत, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन गावं तावातावानं भांडताहेत. लाज वाटावी असं दृश्य होतं ते.

तेवढ्यात हसाजीची बायको मिलकाबाई आली. खाडीच्या आतल्या अंगाला एक टेकाड होतं. तिथं बेने इस्राएलांची चार घरं आणि त्यांचं कबरस्तान. तिथून ती चिखल तुडवत आली होती. ऊन उतरणीला लागलेलं. सूर्य बुडून शनिवार लागला की तिच्या लोकांत मातीला हात लावत नाहीत. त्याआधी नवऱ्याला आपल्या माणसांत पुरायचं, एवढंच तिला हवं होतं.

ती रडली नाही. तिनं आधी क्रूसाकडे पाहिलं, मग माणसांकडे.

"तुमच्या बायकांनी मला तुमचं पुस्तक वाचून दाखवलंय," ती म्हणाली. "तुमच्या देवाला क्रूसावरनं उतरवला आन् सांज व्हायच्या आत घाईनं कबरीत ठेवला. कशापायी घाई? शनिवार लागत होता म्हणून. तो आमच्यातला होता, बाबांनो. मरेस्तोवर आमच्यातलाच होता. तुमी त्याला नेलात, मी काय बोलत नाय. तुमी त्याच्यावर माया केलीत. पन ह्याला नेऊ नका. ह्यो माझा हाय."

इनासिना वाकली. तिनं आपला क्रूस उचलला, त्याला ओठ लावले आणि परत गळ्यात घातला. "ने मावशे," ती म्हणाली, "तुझा तू ने."

हसाजीला त्याच्याच होडीत ठेवलं. पण भांडणात भरती निघून गेली होती. टेकाडापर्यंत नुसता चिखल पसरलेला, आणि सूर्य डोंगराला टेकायला आलेला. शांतवनरावांनी बूट काढले. फादरनी झगा कमरेला खोचला. एका बाजूनं सांतरवाडी आणि दुसऱ्या बाजूनं नवेखार, अशी होडी खांद्यावर घेऊन दोन्ही गावं मांडीभर चिखलात उतरली. कोण कुणाच्या शेजारी आहे, हे बघायला त्या दिवशी कुणाला सवड नव्हती. ती अर्ध्या वाटेवर पोचली आणि ओहोटीच्या वेळी खाडीत पाणी चढलं, असं म्हणतात. होडी खांद्यावरून आपोआप उचलली गेली आणि वल्ह्याशिवाय टेकाडाकडे चालू लागली. सूर्य तोवर डोंगरावर थांबून राहिला, असंही म्हणतात. शेवटची माती पडली, मिलकाबाईच्या माणसांनी शेमा, त्यांच्यात लहानपणीच शिकवतात ती हिब्रू प्रार्थना, म्हटली, आणि मगच अंधार झाला.

पुढे बेने इस्राएल एकेक करून त्यांच्या देशाला निघून गेले. टेकाडावरची घरं पडली. खाडीवर पूल झाला. सांतरवाडी आणि नवेखार आजही एकमेकांच्या देवळात जात नाहीत, उगाच खोटं कशाला सांगू. पण दर गुड फ्रायडेला आपापल्या उपासना आटोपल्या की दोन्ही गावं टेकाडावर जमतात. क्रूस नेत नाहीत, मेणबत्ती लावत नाहीत. सगळ्या कबरींवरचं गवत काढतात, दगड धुतात, आणि सूर्य बुडायच्या आत शेमा म्हणतात. कुणी शिकवणारं उरलेलं नाही, तेव्हा शब्द कितपत बरोबर आहेत ते देवालाच ठाऊक.

मागं सांतरवाडीला एक तरुण फादर नवीन आले होते. त्यांना हे पटलं नाही. गवत काढत बसलेल्या एका म्हातारीला त्यांनी विचारलं, "आजी, ही प्रार्थना आपली नाही. तिचा अर्थही तुम्हाला कळत नाही. मग आजच्या दिवशी ही कशाला?"

म्हातारीनं हात थांबवला नाही. "फादर," ती म्हणाली, "जेजू बारका होता तेवा मरियामायनं त्याला कंची प्रार्थना शिकवली असंल?"

फादरनी चपला काढल्या आणि म्हातारीच्या शेजारी गवत उपटायला बसले.