तळ्याची पोथी

“पोथी लावलीस का रे?” मोहोळकरबाईंनी विचारलं.

“लावली ना, बाई. ती काय, मधल्या काचपेटीत.”

अनिरुद्धनं हात लांब करून दाखवलं. बाईंनी पेटीकडं पाहिलं. मग त्याच्याकडं.

“ही मांडलीस,” त्या म्हणाल्या. “लावलीस का?”

…

अनिरुद्ध काळदातेनं पुन्हा पेटीकडं पाहिलं. पोथी लावणं म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. श्रावणात देवळात पोथी लागते, एकजण वाचतो, अख्खं गाव ऐकतं, हे त्यानं लहानपणी पाहिलं होतं. पण हे देऊळ नव्हतं. हे विद्यापीठाचं ग्रंथालय होतं, आणि तो त्याच्या हस्तलिखित विभागाचा प्रमुख होता.

बाई त्याच्या गुरू. त्यांच्याच हाताखाली तो जुनी अक्षरं लावायला शिकला होता. निवृत्त झाल्यापासून त्या नदीपलीकडं दोन खोल्यांत एकट्या राहत, कुणाच्या समारंभाला जात नसत. त्या आज आपणहून आल्या म्हटल्यावर अनिरुद्धची छाती फुगली होती.

प्रदर्शन होतंही तसं देखणं. मऊ पिवळे दिवे, निवडक पोथ्या, प्रत्येकीखाली अनिरुद्धनं स्वतः लिहिलेली टिपणं. मधोमध ‘तळ्याची पोथी’. ही त्यानंच एका मठाच्या माळ्यावरून, उंदरांच्या तोंडातून सोडवून आणली होती. अभ्यासकांच्या वर्तुळात तिच्यामुळं त्याचं नाव झालं होतं.

फक्त बघायला कुणी नव्हतं.

उद्घाटनाला पाहुणे आले, हार झाले, फोटो झाले. त्यानंतर दालन ओस पडलं. आणि उद्या दुपारी कुलसचिव निंबाळकर जागा मोजायला येणार होते. ऑनलाइन परीक्षांसाठी विद्यापीठाला मोठं दालन हवं होतं. प्रदर्शनाला माणसं येत नाहीत असं दिसलं, की पोथ्यांची रवानगी तळघरात. तळघरात ओल होती, आणि वाळवी.

“लोकांना गोडी राहिली नाही, बाई,” अनिरुद्ध म्हणाला. “टिपणं वाचायचेसुद्धा कष्ट घेत नाहीत.”



एवढ्यात दोन मुली आत आल्या. बाहेर ऊन मी म्हणत होतं. पंख्याखाली उभ्या राहून त्यांनी ओढण्यांनी वारा घेतला, पाणी प्यायल्या, एका पेटीत डोकावल्या. टिपणाची पहिली ओळ वाचून एकीनं दुसरीकडं पाहून नाक मुरडलं.

“काय आहे या पोथीत?” बाईंनी अनिरुद्धला विचारलं. मुलींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

“ओवीबद्ध आख्यान आहे. कर्ता अज्ञात. भाषेवरून काळ ठरवता येतो, पण तिसऱ्या प्रसंगातले पाठभेद पाहिले तर…”

“पाठभेद नंतर. गोष्ट काय आहे?”

“एक गाव तळं खणतं.”

“बरं. मग?”

“पाणी लागत नाही.”

“मग? लागलं का शेवटी?”

“ते… मी परिशिष्टात दिलंय, बाई.”

…

मुलींपैकी एक खुदकन हसली. अनिरुद्धचे कान तापले.

बाईंनी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि त्या पेटीसमोर, फरशीवर, मांडी घालून बसल्या.

“बाई! थांबा, खुर्ची आणतो.”

“पोथी ऐकायला खुर्ची कशाला?”

“ती बाहेर काढता येत नाही हो. कुलूप आहे.”

“किल्ली कुणाकडं?”

“माझ्याकडंच.”

“मग अडलंय कुठं?”

अनिरुद्धनं इकडंतिकडं पाहिलं. आवाज खाली आणून तो म्हणाला, “मी संशोधक आहे, बाई. पुराणिक नव्हे. मला चाल येत नाही. लोक हसतील.”

बाईंनी मान डोलावली, जणू काही पटलंच.

“हसू देत की,” त्या म्हणाल्या. “नाहीतरी आता कोण हसतंय इथं?”

…

अनिरुद्धनं हात धुतले. कोरडे केले. कुलूप काढलं. बैठकीच्या खोलीतलं बुटकं मेज आणून त्यावर स्वच्छ कापड अंथरलं, पोथी ठेवली आणि बाईंच्या समोर बसला. आपण काय करतोय हेच त्याला कळेना. भर दुपारी, आपल्याच दालनात, शिपायाच्या देखत!

त्यानं पहिली ओवी वाचली. सभेत निवेदन वाचावं तशी वाचली. दुसऱ्या ओवीत थांबून म्हणाला, “इथं दुसरा एक पाठ असाही…”

बाईंनी डोळे न उघडता हात हलवला. पुढं.

तो पुढं गेला.

गोष्ट साधी होती. माळरानावरचं एक गाव. पाण्यासाठी बायका दोन डोंगर ओलांडत. गावानं ठरवलं, तळं खणायचं. जागा ठरली, तिथं एकच झोपडी होती, येसाई नावाच्या म्हातारीची. ती हलेना. गाव म्हणालं, राहू दे तिला, आपण भोवतीनं खणू.

> येसाई म्हणे आइका । माझे घरटे मोडू नका ।
> चुलीवाचोनि बायका । कैशा जगती सांगा पां ॥

ही ओवी वाचताना काय झालं कोण जाणे, अनिरुद्धचा आवाज आपसूक वर चढला आणि शेवटी खाली उतरला. चाल त्यानं लावली नाही. चाल ओवीतच होती.

पंख्याखालच्या मुली दोन पावलं जवळ आल्या.

> खणिता खणिता हात फुटले । कुदळींचे दांडे तुटले ।
> मातीचे डोंगर उठले । परी पाणी न दिसे ॥

मुली खाली बसल्या. दाराशी शिपाई उभा होता, तोही टेकला. वर्तमानपत्रं चाळणारे एक निवृत्त गृहस्थ शेजारच्या खोलीतून आले, ते चष्मा पुसत उभेच राहिले. “कसला आवाज येतोय?” म्हणून जिन्यावरून काही पोरं डोकावली, ती परत गेलीच नाहीत. झाडलोट करणाऱ्या कौसाबाईंनी केरसुणी भिंतीला लावली.

“हे असंच होतं बघा,” त्या शेजारी बसलेल्या मुलींना म्हणाल्या. “एका घरासाठी सगळं गाव तहानलेलं.”

“आणि तिचं घर गेलं तर तिनं कुठं जायचं?” पंख्याखालची मुलगी ताडकन म्हणाली. तिचं नाव रुक्सार, रसायनशास्त्राची विद्यार्थिनी.

“अगं, पण पाणी…”

“पाणी सगळ्यांना आणि घर एकटीचं, होय?”

वाद जुंपला. अनिरुद्ध पाहतच राहिला. ज्या पोथीवर तो परिषदांमधून बोलला होता आणि लोकांनी जांभया दिल्या होत्या, तिच्यावरून आज त्याच्यासमोर माणसं भांडत होती.

तो पुन्हा वाचू लागला. आता त्याला टिपणं आठवत नव्हती. तळं खोल गेलं. येसाईची झोपडी मधोमध मातीच्या उंच खांबावर राहिल्यासारखी दिसू लागली. गाव दमलं. काही घरं गाव सोडून निघाली. आणि एका सकाळी येसाई झोपडीतून बाहेर आली…

ग्रंथालय बंद व्हायची घंटा झाली.

“पुढं काय झालं, सर?” रुक्सारनं विचारलं.

अनिरुद्धनं बाईंकडं पाहिलं. बाई छताकडं पाहत होत्या.

त्यानं पोथी कापडात गुंडाळली.

“उद्या दुपारी,” तो म्हणाला. “इथंच.”

“असं कसं, सर!” सगळे एकदमच ओरडले. अनिरुद्धला आयुष्यात इतकं गोड काही ऐकायला मिळालं नव्हतं.

…

दुसऱ्या दिवशी कुलसचिव निंबाळकर हातात टेप घेऊन, मागं अभियंत्याला घेऊन आले, तेव्हा त्यांना दालनात शिरता येईना.

दारापर्यंत चपलांचा खच पडला होता. रुक्सारनं अख्खं वसतिगृह आणलं होतं. निवृत्त गृहस्थ बायकोला घेऊन आले होते. कौसाबाईंच्या वस्तीतल्या बायका डोक्यावर पदर घेऊन पुढंच बसल्या होत्या. ज्यांना बसायला जागा नव्हती ते पेट्यांच्या भोवती उभे होते, आणि उभं राहून करायचं काय, म्हणून टिपणं वाचत होते!

“हे काय चाललंय?” निंबाळकरांनी विचारलं.

“शूः!” कुणीतरी म्हणालं. “येसाई बाहेर आलीये.”

कुलसचिवांना ‘शूः’ म्हणायची विद्यापीठात कुणाची छाती नव्हती. ते चमकून गप्प झाले. अभियंत्यानं तोवर भिंतीशी जागा पाहून बैठक मारली होती. निंबाळकर थोडा वेळ उभे राहिले, मग पॅन्ट गुडघ्याशी सैल करून तेही टेकले.

अनिरुद्ध वाचत होता. पुढच्या रांगेत बाई डोळे मिटून बसल्या होत्या.

येसाईनं पाहिलं. शेजारची पोरं ओठ सुकलेली. बाया घागरी घेऊन निघालेल्या, पुन्हा दोन डोंगर ओलांडायला. गावानं तिला बोल लावला नव्हता. कुणी तिच्या दारावर आलं नव्हतं. तिची चूल भोवतालच्या खड्ड्यात उंच, एकटी उरली होती.

अनिरुद्धनं पान उलटलं. दालनात पंख्यांचाच काय तो आवाज.

> आपुलिये हाती कुदळ घेतली । आपुली चूल आपण फोडली ।
> तळीं ओल आली, झरी फुटली । हांसे येसाई भिजोनि ॥

“लागलं!” कौसाबाई ओरडल्या. “लागलं बाई पाणी!”

मग जे झालं ते त्या दालनानं कधी पाहिलं नव्हतं. टाळ्या पडल्या. पोरांनी शिट्ट्या मारल्या. म्हाताऱ्या बायकांनी पदरानं डोळे टिपले आणि पोथीला हात जोडले. कुणीतरी पोथी संपणार म्हणून साखर-खोबरं आणलं होतं, ते हातोहात वाटलं गेलं. रुक्सारचे डोळे भरले होते आणि ती तरीही म्हणत होती, “पण गावानं तिला नवीन घर बांधून द्यायला हवं होतं, सर!”

“दिलं,” अनिरुद्ध म्हणाला. “तळ्याच्या काठावर. शेवटच्या पानावर आहे.”

“वाचा मग!”

त्यानं तेही वाचलं. पुन्हा टाळ्या.

निंबाळकर उठले. कपड्यांवरची धूळ झटकली. अभियंत्यानं टेप उघडून विचारलं, “मोजायचं ना, साहेब?”

“काय मोजता?” निंबाळकर म्हणाले. “दिसतंय की. जागा अपुरी पडतेय.” तोंडातलं खोबरं संपवून ते अनिरुद्धकडं वळले. “परीक्षांचं आम्ही दुसरीकडं बघू. पुढची पोथी कधी? आमच्या आईला घेऊन येतो.”

 तोवर पोरांनी अनिरुद्धला घेरलं होतं. ही अक्षरं अशी का? शाई कसली? आम्हाला वाचायला शिकवाल का? एकानं तर घरात आजोबांची पोथी असल्याचं सांगून टाकलं. अनिरुद्ध उत्तरं देत होता, हसत होता, घामानं निथळत होता. गोंधळात त्याच्या डोळ्यांतून दोन थेंब ओघळले, तेही कुणाच्या लक्षात आले नाहीत.

गर्दी ओसरायला बराच वेळ लागला.

बाई दाराशी चपला शोधत होत्या. अनिरुद्ध धावत गेला. चपला शोधून त्यानं त्यांच्या पायांशी ठेवल्या आणि वाकून नमस्कार केला.

“बाई… पोथ्या राहिल्या.”

बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

तो उठला. आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता, तरी एक शंका डोकावलीच. संशोधकच तो.

“पण बाई, एक विचारू? आज सगळ्यांना शेवट कळला. पाणी लागलं, हे आता सगळ्या गावाला ठाऊक झालं. ही पोथी पुन्हा लावली, तर कोण येणार?”

…

बाईंनी चपला घातल्या. पायरी उतरल्या. मग मागं वळून म्हणाल्या,

“तळ्याला पाणी लागलं, म्हणून गाव तिकडं जायचं थांबतं का रे?”