घोणशीची ओटी

एका राज्यात पाळणे फार होते, पण हलत एकही नव्हता. कारण ऐका. राजा धैर्यसेनाला बागेची हौस आली आणि त्याने वनातली सारी वारुळं भुईसपाट केली. तिथे राहणारी जादूगारीण कराळी संतापली. म्हणाली, "राजा, तू आयांची घरं मोडलीस. आता तुझ्या राज्यात एकही बाळंतीण सुटणार नाही. तीन जातींच्या तीन सर्पमातांची ओटी भरलीत, तरच शाप सुटेल. जी आई नव्हे तिची भरलीत, तर शाप कायमचा."

राणी चंद्रावळीचे दिवस भरले, भरून उलटले, तरी बाळ पोटातच. राणी सुकत चालली. राजा हात चोळत बसला. राजांना ते छान जमतं. मग त्याची धाकटी बहीण कुंतला उठली.

"वहिनी, मी जाते."

"सांभाळून जा, वन्सं."

वाटेत भारद्वाज भेटला. भारद्वाज दिसणं शुभ असतं, पण सापांना विचाराल तर ते वेगळंच सांगतील. त्यांची अंडी खाऊनच तो गलेलठ्ठ झाला होता.

"वाट मी दाखवतो," पक्षी म्हणाला. "अंडी कुठे असतात, ते माझ्याइतकं कोण जाणतं?"

"दाखव, पण चोच मिटून."

पहिली भेटली नागीण. उंदराच्या बिळात अंड्यांपाशी फणा काढून बसली होती. सापाला पदर कुठला? कुंतलेने वेटोळ्यातच तांदूळ, नारळ आणि खण ठेवला. नागिणीने फणा लववला.

दुसरी अजगराची मादी. अंड्यांना विळखा घालून ती थरथरत होती आणि त्या थरथरीनेच त्यांना ऊब देत होती. तिचीही ओटी भरली.

तिसरी घोणस, खडकावर पसरलेली. भारद्वाजाने पाचोळा उलथला, कपारीत डोकावला. "इथे अंडं नाही. ही आई नव्हे. पुढे चल."

कुंतला निघाली आणि थांबली. घोणस जड पोट उन्हात टाकून, हळूच कूस बदलत, निमूट पडली होती. वहिनी सज्जात अगदी अशीच बसायची. चुकलं, तर वहिनी गेली आणि बाळही गेलं.

"राजकन्ये, अंडं नसलेली सर्पमाता कधी ऐकलीस?"

"माझ्या वहिनीने तरी कुठे अंडं घातलंय?" असं म्हणून तिने ओटी भरली.

घोणस फुत्कारली. "शहाणी आहेस, मुली. माझी लेकरं माझ्या पोटातच वाढतात. बाहेर येतात ती वळवळतच." आणि बोलता बोलता ती व्याली. एकामागून एक पिल्लं पातळ पापुद्रा फाडून खडकावर पसरली. भारद्वाज चोच वासून बघत राहिला. भूकसुद्धा विसरला.

त्याच क्षणी राजवाड्यात बाळ रडलं. मग गल्लीगल्लीत रडारड झाली आणि सुईणींना पाणी प्यायला फुरसत उरली नाही. इतकं गोड रडणं त्या राज्याने कधी ऐकलं नव्हतं. राजाने बाग मोडून जमीन वनाला परत दिली, आणि पुन्हा वारुळं उठली.

बारशाला आत्याच्या मानाने कुंतलेने बाळाच्या कानात कुर्र् केलं आणि नाव सांगितलं, "सर्पसेन."

राजा दचकला. "हे कसलं नाव?"

राणी हसली. "ज्यांची घरं मोडलीत, त्यांचं नाव आता आपल्या घरात नांदू द्या."

राजाने मान लववली आणि पाळण्याची दोरी हाती घेतली. त्यांचे पाळणे हलले, तसे तुमचेही हलोत.