हैबतीच्या मरणाचा रकाना

“हैबती माहुताला फाशी! आधी नोंद, मग दोर!” महाराज कडाडले. सकाळी पाहुण्यांदेखत चंपा हत्तीण महाराजांच्या अंगावर शिंकली होती आणि हैबतीला हसू आवरलं नव्हतं.

मृत्यूची वही होती लिंगाप्पा वाण्याकडे. आपल्याला कारकून नेमलं ते दरबाराच्या डोळ्यांवर झापड होती म्हणून, असं तो स्वतःच सांगे. लिहिताना त्याच्या मात्रा गळत. एकदा राजबागेसाठी ‘दोन मोर द्यावे’ लिहायचं, तर पठ्ठ्यानं ‘दोन मार द्यावे’ लिहिलं. शिपायानं ते तिथल्या तिथे लिंगाप्पालाच दिले!

वहीत मरणाचे रकाने चार: रोग, अपघात, आत्महत्या, खून.

“सरकार, फाशी यात कुठंच बसत नाही. खुनात घालू?”

“म्हणजे मी खुनी? खुन्याला आपल्या राज्यात काय शिक्षा?”

“फाशी, सरकार! नकोच ते. अपघात?”

“माझा हुकूम म्हणजे अपघात? मी पुरता शुद्धीवर आहे!”

“मग आत्महत्या?”

“अहो लिंगाप्पाशेठ, मला जगायचंय हो!” हैबती बेड्या खळखळवत ओरडला. “लेकरं लहान आहेत!”

“रोग?”

“हा रेड्यासारखा धडधाकट! खोटी नोंद चालणार नाही, पाचवा रकाना आखायचा नाही. दिवस मावळायच्या आत चारांतल्या एकात खरं ते लिही. नाहीतर पुढची नोंद तुझी!”

“ती कोण करणार, सरकार? आणि कोणत्या रकान्यात?”

महाराजांचे डोळे लालबुंद झाले, कपाळाची शीर तटतटली. आपली अक्कल तागडीत टाकली तर पारडं हलायचंसुद्धा नाही, हे लिंगाप्पाला पक्कं माहीत होतं. पण त्या तटतटलेल्या शिरेकडे बघता बघता त्यानं बोरू बुडवला आणि एक शब्द लिहिला.

महाराजांनी वही ओढली. “रोगाच्या रकान्यात ‘राग’? गाढवा, मात्रा पुन्हा गळली!”

“नाही सरकार, जन्मात पहिल्यांदा बरोबर लिहिलंय. रोग कोणता, एवढंच रकाना विचारतो. कुणाला झालाय, ते विचारत नाही. रोग आपल्याला, मरतोय हैबती!”



“आणि यावर औषध?” महाराज दातओठ खात म्हणाले.

“मात्रा वैद्याकडे मागावी, सरकार. माझ्या हातून तर ती गळतेच!”

महाराजांनी हसू दाबून पाहिलं, दाबलं जाईना. शेवटी असे खदखदून हसले, की फेटा सुटून मांडीवर आला! “लागू पडली रे, गळलेली मात्राच लागू पडली! सोडा त्या हैबतीला! आणि लिंगाप्पाला सोन्याचं कडं! थांब, थांब, बोरू इकडे दे. हा हुकूम मी लिहितो. तू लिहिलास, तर पुन्हा मार खाशील!”