गुंडूची काकडीची साल

कुमुदकाकूंची एक परसबाग होती. तेथे ना विकतचे खत, ना औषधाचा फवारा. तेथे राही एक गांडूळ, गुलाबी आणि गुळगुळीत. त्याचे नाव गुंडू.

काकू रोज मागच्या दारी काकडीची साल टाकीत. गुंडू ती खाई. खाऊन झोपे. मातीत शिरण्याचे नाव नको!

एके सकाळी साल नाही. दारी नाही, वाफ्यात नाही. गुंडूचे पोट म्हणाले, "गुर्र गुर्र!"

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक, गुंडू गेला काकूंकडे.

"काकू, काकू, साल द्या.
मग गुंडू खाईल!"

"अरे गुंडोबा, काकडीच नाही, तर साल कोठली? वेलीला विचार."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक, गुंडू गेला वेलीकडे.

"वेली, वेली, काकडी दे.
काकू साल देतील,
मग गुंडू खाईल!"

"फुलावर माशी येईना, तर काकडी कशी धरेल? मधमाशीला बोलाव."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक, गुंडू गेला मधमाशीकडे.

"माशीताई, माशीताई, फुलावर ये.
वेल काकडी देईल,
काकू साल देतील,
मग गुंडू खाईल!"

"गूं गूं! दोन फुलांसाठी इतक्या दूर कोण येईल? तुळशीला मंजिरी येऊ दे, मग येईन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक, गुंडू गेला तुळशीकडे.

"तुळशी, तुळशी, मंजिरी दे.
माशी फुलावर येईल,
वेल काकडी देईल,
काकू साल देतील,
मग गुंडू खाईल!"

"कशी देऊ, बाळा? माती झाली दगड. पाणी आत जाईना. माती मोकळी करून दे."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक, गुंडू गेला खुरप्याकडे.

"खुरप्या, खुरप्या, माती उकर.
तुळस मंजिरी देईल,
माशी फुलावर येईल,
वेल काकडी देईल,
काकू साल देतील,
मग गुंडू खाईल!"

खुरपे हसले, खण खण खण!

"मी उकरले, तर मुळे कापली जातील. हे काम माझे नव्हे. ज्याचे आहे, तो साल खाऊन झोपतो. ओळख पाहू, कोण?"

गुंडू आणखीच गुलाबी झाला.

"अरेच्चा! तो तर मीच!"

गुंडूने मातीत डोके खुपसले. सुळुक सुळुक, खाली. सुळुक सुळुक, वर. पोट म्हणाले, "गुर्र!" गुंडू म्हणाला, "थांब जरा!"

माती झाली भुसभुशीत.
पाणी मुरले, झिरप झिरप.
तुळशीने मंजिरी दिली, डुल डुल.
माशी फुलावर आली, गूं गूं.
वेलीने काकडी दिली, हिरवीगार.
काकूंनी कोशिंबीर केली, चक चक.

आणि साल? साल पडली गुंडूपुढे, टप्पकन!

"घे, गुंडोबा. ही तुझ्या कष्टाची!"

गुंडूने साल खाल्ली. किती गोड! मग झोपला का? छे! उरलेली साल ओढत ओढत थेट मातीत गेला.

काकडी ताटात, साल मातीत, गुंडू मुळांपाशी, आणि गोष्ट तुमच्यापाशी.