धुतलेलेच पाय धुणारा राजा

एका राज्यात क्रूसध्वज नावाचा राजा राज्य करीत होता. त्याच्या मुकुटावर क्रूस, निशाणावर क्रूस, हत्तीच्या झुलीवर क्रूस. इतकेच काय, कैद्यांना मारायच्या चाबकाच्या मुठीवरही सुबक क्रूस कोरलेला. ‘आम्ही ख्रिस्ताचे दास’ असे म्हटल्याखेरीज राजा घास घेत नसे. ताट मात्र दासाचे नसे.

येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून दर पवित्र गुरुवारी राजाने बारा गरिबांचे पाय धुवावेत, अशी त्या राज्याची रीत होती. क्रूसध्वजाने रीत मोडली नव्हती. फक्त सोयीची करून घेतली होती. ते बारा गरीब म्हणजे प्रधानाचे मेहुणे, साडू आणि भाचे. शिंपी त्यांच्या कोऱ्या अंगरख्यांना ठिगळे लावून देई. आणि राजाच्या हाताला माती लागू नये म्हणून शलोमी नावाची पाणक्याची लेक मागल्या अंगणात त्यांचे पाय आधीच गुलाबपाण्याने स्वच्छ धुऊन ठेवी. सात वर्षे ती हे करीत आली होती. तिला त्यात काही वावगे वाटले नव्हते. चाकरीत माणूस काय काय करतो, त्यातलेच हे एक.

आठव्या वर्षी शेजारच्या देशात अग्निपर्वत फुटला. चारशे माणसे होरपळत, अनवाणी, उत्तर वेशीशी आली. राजाने भर दरबारात डोळ्यांत पाणी आणून त्यांच्यासाठी प्रार्थना केली, आणि मग वेस बंद करवली. वेशीचा द्वारपाल होता हनोख, शलोमीचा थोरला भाऊ.

त्या माणसांत एक म्हातारा जादूगार होता. कडेवरच्या नातीला पुढे करून तो म्हणाला, “द्वारपाला, पोरीला घोटभर पाणी दे.”

हनोख म्हणाला, “हुकूम नाही.”

“मग तू या वेशीचाच दगड हो. तुझा राजा जे तोंडाने बोलतो ते हाताने करील, तेव्हा सुटशील. पवित्र गुरुवारचा सूर्य त्याआधी मावळला, तर कायमचा दगड.”

हनोखाची पावले जागीच दगड झाली, आणि दगड दिवसादिवसाने वर चढू लागला. पाप राजाचे आणि दगड चाकराचा! सांगताना माझ्याही अंगाची लाही होते.

शलोमी रडली, मग तिने पदर खोचला. राजवाड्याच्या तळ्यावर एक खंड्या पक्षी होता. तो माणसासारखा बोले, पण कडू बोले म्हणून दरबाऱ्यांनी त्याला वाळीत टाकले होते. शलोमी त्याच्यापुढे उभी राहिली.

“खंड्या, राजाचे हात मळवायचे आहेत. उपाय सांग.”

“तीन गोष्टी आण. नागविहिरीचे पाणी, पहिल्या राजाचा पंचा, आणि न धुतलेले पाय.”

“आणि राजा नाही म्हणाला तर?”

“तर हो म्हणेपर्यंत उभी राहा. ते मला जमत नाही. मी उडून जातो.”

नागविहीर रानात होती. काठावर सात फण्यांचा नाग बसला होता. तो म्हणाला, “तुझे एक खोटे सांग, मग घागर भर.” शलोमीने मुदपाकातून चोरलेल्या बदामांची गोष्ट सांगितली. नाग हलला नाही. शेवटी तिने मान खाली घातली. “सात वर्षे मी स्वच्छ पाय मळके म्हणून राजापुढे ठेवले.” नागाने वाट दिली.

पंचा खजिन्याच्या तळघरात, शापित माणकांच्या राशीखाली होता. माणकाला बोट लावील तो माणिक होई. असे दोन कोशपाल तिथे लाल होऊन उभेच होते. शलोमीने नजर पंच्यावरून हलू दिली नाही. पंच्याचे टोक धरून तिने सावकाश ओढले. पंचा जाडाभरडा होता, त्यावर जुन्या चिखलाचे डाग होते. पहिल्या राजाने खरेच कुणाचे तरी पाय पुसले होते.

गुरुवारी दुपारी ती वेशीशी पोचली. हनोख छातीपर्यंत दगड झाला होता. किल्ली धरलेला हात तेवढा मोकळा होता.

“दादा, दार उघड.”

“हुकूम नाही, शलू.”

“अरे, छातीपर्यंत दगड झालास! आता तरी!”

“तरी हुकूम नाही.”

शलोमीचा संताप संताप झाला. ती तटाखालच्या पाण्याच्या मोरीतून रांगत बाहेर गेली, आणि त्याच मोरीतून बारा जणांना आत घेऊन आली. जादूगार त्यांत होता. प्रधानाच्या मेहुण्यांना तिने मागल्या अंगणात कोंडले.

प्रार्थनामंदिरात धूप दरवळत होता. राजा सोन्याची झारी घेऊन आला, आणि पहिलेच पाऊल पाहून थबकला. भेगा, राख, रक्त.

“हे पाय धुतलेले नाहीत.”

“नाहीत, महाराज. धुवायचे आहेत, म्हणून आणले.”

“यांच्यासाठी आम्ही प्रार्थना केली आहे.”

“ऐकली ती. माझा दादा गळ्यापर्यंत दगड झाला असेल. मी इथून हलणार नाही.”

प्रधानाने शिपायांना खूण केली, पण सारे गाव बघत होते. राजाने ओठ आवळून, उभ्यानेच झारी कलती केली. शलोमीने झारीत आधीच भरून ठेवलेले नागविहिरीचे पाणी झारीच्या तोंडाशी लोंबकळत राहिले, थेंब पडेना. राजाने एक गुडघा टेकला. पाणी पडेना. खिडकीतले ऊन भिंतीवर चढत चालले होते. शलोमीने पंचा पुढे केला.

राजाने त्यावरचे डाग ओळखले. आजोबांनी त्याला लहानपणी त्यांची गोष्ट सांगितली होती. त्याने मुकुट काढून फरशीवर ठेवला, झारी शलोमीकडे कलती धरायला दिली, दोन्ही गुडघे टेकले आणि जादूगाराचा पाय ओंजळीत धरला. “दुखतात का?” त्याने विचारले. इतक्या वर्षांत त्याने कुणाला काही विचारले, ते हे पहिल्यांदा. जादूगार म्हणाला, “फार दुखतात.” तेव्हा झारीतून पाणी पडले, आणि राजाच्या बोटांवरून राखेचा काळा ओघळ वाहिला.

बाराही जणांचे पाय धुऊन झाल्यावर राजाने विचारले, “बाहेर आणखी किती आहेत?”

“चारशेला बारा कमी.”

राजाने वेस उघडण्याचा हुकूम लिहिला, मोहोर केली आणि शलोमीच्या हाती दिला. ती धापा टाकत वेशीशी पोचली, तेव्हा सूर्य अजून तटावर होता. वेस सताड उघडी होती. माणसे आत येत होती, आणि हनोख आपल्या पायांनी चालत, कडेवर जादूगाराची नात घेऊन, तिला घोटघोट पाणी पाजत होता.

“दादा, हा हुकूम,” शलोमी म्हणाली.

“राहू दे,” हनोख म्हणाला. “आधी पोरीचे पाणी होऊ दे.”

तिथून पुढे त्या राज्यात पवित्र गुरुवारी कुणाचे पाय आधी धुतले गेले नाहीत. वेशीबाहेरच्या त्या माणसांना जसा आसरा लाभला, तसा दारोदार थांबलेल्या सगळ्यांना लाभो.